एल्फिन्स्टनमधला दगड : कामाच्या नोंदी

९ जानेवारी २०२४

काम ठरलं. फोर्टातल्या पायी फेरीसाठी मराठी ऑडिओ गाइड, एकूण बारा थांबे. मजकूर माझा, आवाज दुसऱ्या कोणाचा. प्रत्येक थांब्याला दीड मिनिट, म्हणजे माझ्या हिशोबाने १७०-१८० शब्द. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, हे लोकांच्या कानात गेलं पाहिजे असं संपादकबाईंचं म्हणणं.

सातवा थांबा टाउन हॉल, विषय तिथे पुतळा असलेला मुंबईचा जुना गव्हर्नर, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. बाईंची अट एकच : "अगं, कोण कधी गव्हर्नर होता ते सगळेच सांगतात. तू नावापासून सुरू कर. हे आडनाव आलं कुठून, अर्थ काय, ते सांग. लोक थांबून ऐकतील."

संध्याकाळी पहिला खर्डा पाठवूनही दिला. ‘एल्फ म्हणजे रानातला यक्ष, स्टोन म्हणजे शिळा. स्कॉटलंडच्या धुक्यातली ही यक्षशिळा सातासमुद्रापार मुंबईला आली…’ वगैरे वगैरे. दहा मिनिटांत बाईंचा निरोप : "यक्षशिळा! हेच हवं होतं." मीही खूश. बाकीचे अकरा थांबे असेच सुटले तर महिन्याभरात मोकळी.

१० जानेवारी

सकाळी भाजी चिरताना डोक्यात आलं : एल्फ आणि स्टोन यांच्या मध्ये हा ‘इन’ कोण बसलाय?

एल्फ अधिक स्टोन म्हणजे एल्फस्टोन व्हायला हवं होतं. ‘एल्फिन’ म्हणजे ‘यक्षांचा, यक्षासारखा’ असं विशेषण इंग्रजीत आहे, पण ते दिसायला लागतं सोळाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तेही कवितेत. आडनाव मात्र त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीपासून कागदोपत्री आहे. बारशाच्या आधी मुंज झाल्यासारखं हे.

बाईंना काही कळवलं नाही. आधी खात्री करू.

१२ जानेवारी

नावाचा अर्थ लावायचा तर आजचं स्पेलिंग बाजूला ठेवायचं आणि जुन्यात जुनं रूप शोधायचं. आडनावांच्या अभ्यासातला हा पहिला धडा, आणि मी नेमका तोच गाळून खर्डा पाठवला होता.

जुनं रूप सापडलं. साधारण १२३५ सालच्या एका नोंदीत एक जॉन आहे : ‘जॉन दे एल्फिनस्टुन’. यातल्या ‘दे’चा अर्थ ‘चा, तिथला’. म्हणजे हे मुळात गावाचं नाव, आणि जॉनराव त्या गावचे. आपल्या भाषेत सांगायचं तर एल्फिनस्टुनकर. गाव आजही आहे : एडिनबरोच्या पूर्वेला, पूर्व लोथियनमध्ये, ट्रॅनेन्टजवळ. नाव एल्फिन्स्टन.

आणि शेवट बघा : ‘स्टुन’. यात स्टोन नाही. ‘एल्फिन’ झालं, मग ‘स’, मग ‘टुन’. तो ‘स’ म्हणजे षष्ठीचा प्रत्यय, आपला ‘चा-ची-चे’. ‘टुन’ हा जुना इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ आधी कुंपण, मग कुंपण घातलेली जागा, मग त्या जागेतलं शेतघर, आणि शेवटी वस्ती, गाव. जर्मनमध्ये याच शब्दाचा भाऊबंद ‘त्साउन’ अजून कुंपणालाच म्हणतात. इंग्रजीत मात्र कुंपण विसरलं गेलं आणि गाव उरलं.

इथे मी पेन ठेवलं, कारण हा प्रवास ओळखीचा वाटला. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण, आवार. त्याच्यापासून वाडा, त्याच्यापासून वाडी. कोकणात मांगरामागे काट्याकुट्या लावून केलेली चौकट आणि तिच्याभोवती वाढत गेलेली दहा घरं, दोन्हीला आपण वाडीच म्हणतो. माडांची असली तरी वाडी, माणसांची असली तरी वाडी. टुनचं याहून नेमकं मराठी मला तरी सुचत नाही.

म्हणजे अमक्याची वाडी. हा अमका कोण, ते पुढे बघू. यक्षशिळेतली शिळा तर गेली.

१५ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन लालबागला मामाकडे. मामा एल्फिन्स्टन मिलमध्ये साचेखात्यात होता, ८२ च्या संपापर्यंत. त्याला गंमत म्हणून विचारलं, "मामा, तुमच्या मिलच्या नावात स्टोन होता ना?"

"स्टोन? तो कुठला? एल्फिस्टन मिल. एल्फिस्टन ब्रिज. आख्खं परळ एल्फिस्टन म्हणायचं."

"पण स्पेलिंग तर…"

"स्पेलिंग साहेबाला. आम्ही ऐकलं तसं बोललो."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते, कारण मामाचं बरोबर आहे आणि स्पेलिंगचं चूक. इंग्रजीत नावाच्या शेवटी येणाऱ्या टुनवर आघात नसतो, त्यामुळे तो घासून घासून ‘टन’ होतो. स्कॉटलंडमध्येही या नावाचा उच्चार एल्फिन्स्टन असाच करतात. मधला ‘स’ पुढच्या ‘टन’ला चिकटला आणि ‘स्टन’ असा तुकडा कानाला लागायला लागला. जुन्या लेखनात दगडालाही ‘स्टोन’ आणि ‘स्टन’च्या मधलंच काहीतरी लिहीत, तेव्हा कारकुनाने तो तुकडा ओळखीच्या शब्दासारखा लिहिला, पुढे शेवटी एक ‘ई’ लागला, आणि दगड कायमचा बसला. बोलण्यात तो कधी आलाच नाही. आला तो फक्त कागदावर.

मराठीने हे नाव कानाने घेतलं. पेशवाईच्या अखेरच्या काळात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुण्याला रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा वकील होता, आणि जुन्या मराठी लेखनात त्याला ‘अल्पिष्टन साहेब’ म्हटलेलं आढळतं. शिष्ट, विशिष्ट, अनिष्ट यांच्या रांगेत शोभेल असा ‘ष्ट’ त्यांनी घालून दिला, पण दगड घातला नाही.

१९ जानेवारी

आज बाईंचा फोन : "सातव्या थांब्याचं फायनल कधी?" म्हटलं, जरा दुरुस्ती आहे. "शिळा राहू दे हां." मी विषय बदलला.

दिवसभर लोथियनच्या नकाशावर. एक शंका होती : स्कॉटलंड म्हणजे गेलिक भाषा, मग तिथल्या गावाला जुन्या इंग्रजीतलं नाव कसं? उत्तर इतिहासात आहे. हा आग्नेय कोपरा शतकानुशतकं नॉर्थम्ब्रिया नावाच्या इंग्रजी राज्यात होता. १०१८ च्या कारमच्या लढाईनंतर तो स्कॉट राजांकडे पक्का झाला, पण शेतकरी तेच राहिले आणि त्यांची बोलीही. म्हणून इथे ‘टन’वाली गावं पावलोपावली. जवळचं ऑर्मिस्टन बघा, ऑर्मची वाडी. ऑर्म हे नाव नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतलं, अर्थ साप. प्रेस्टनपॅन्स म्हणजे पाद्र्यांची वाडी, अधिक मीठ आटवायच्या कढया. आणि ज्या ट्रॅनेन्टशेजारी आपलं गाव आहे ते नाव या सगळ्यांच्या आधीचं, वेल्शच्या जवळच्या भाषेतलं, ओढ्यांकाठची वस्ती अशा अर्थाचं. दोन-चार मैलांत तीन भाषांची माणसं नांदून गेल्याच्या खुणा. कोकणातल्या एखाद्या तालुक्याचा नकाशा काढून बसलं तर असाच दिवस जातो.

यातलं दीड मिनिटात काहीच बसणार नाही. तरी लिहून ठेवते.

२४ जानेवारी

आता ‘एल्फिन’. वाडी कोणाची?

दोन उत्तरं मिळतात. पहिलं, आल्फविनची. हे जुन्या इंग्रजीतलं सरळ पुरुषाचं नाव. ‘आल्फ’ म्हणजे तो यक्षवर्ग, ‘विन’ म्हणजे मित्र. यक्षमित्र. आल्फ्रेडही याच घरातलं, ‘यक्षांचा सल्ला लाभलेला’. म्हणजे माझा यक्ष पुरता गेला नाही, मात्र तो गावातल्या दगडावर बसलेला नाही, एका शेतकऱ्याच्या नावात आहे. आणि नावात असला म्हणून कोणी त्याच्याकडे बघत असेल असंही नाही. ‘नागेश’ची हाक मारताना कोणाच्या डोळ्यांपुढे फणा येतो?

दुसरं उत्तर, आल्पिनची. हे गेलिक जगातलं नाव. नवव्या शतकातला केनेथ मॅक्आल्पिन, म्हणजे आल्पिनचा मुलगा केनेथ, हा स्कॉट राजांच्या वंशावळीत पहिल्या रांगेत बसवलेला. त्यामुळे आल्पिनची वाडी म्हटलं की नावाला आपोआप राजघराण्याचा वास येतो, आणि मला नेमका त्याच वासाचा संशय येतो.

गंमत म्हणजे अल्पिष्टन! आपल्या मराठी रूपात ‘फ’ नाही, ‘प’ आहे. पाच मिनिटं मला वाटलं, पुण्यातल्या कारकुनांनी आल्पिनवाल्यांच्या बाजूने साक्ष दिली. मग हसू आलं. मोडी लिहिणाऱ्याच्या कानाने इंग्रजी ‘फ’चं काय केलं याचा तेराव्या शतकातल्या लोथियनशी काय संबंध? १२३५ च्या रूपात ‘फ’ स्पष्ट आहे, आणि भोवतालची बरीचशी गावं टनवाली, इंग्रजी बोलीतली. माझं मत आल्फविनच्या पारड्यात. मजकुरात मात्र ‘बहुधा’ लिहिणार. त्या एका शब्दाला अर्धा सेकंद लागतो, तेवढा परवडतो.

२९ जानेवारी

आज तिसरीच कथा हाती लागली. घराण्याच्या जुन्या वृत्तांतात म्हणे एक जर्मन सरदार आहे. तो स्कॉटलंडला आला, रॉबर्ट द ब्रूस राजाच्या नात्यातल्या मुलीशी लग्न केलं, लोथियनमध्ये जमीन मिळवली आणि तिला स्वतःचं नाव दिलं.

पाडायला एक तारीख पुरते. ब्रूस गादीवर आला १३०६ मध्ये. जॉन दे एल्फिनस्टुन त्याच्या सत्तर वर्षं आधी, दुसऱ्या अलेक्झांडरच्या राज्यात, त्याच नावाने वावरत होता. जावई यायच्या आधीच आडनाव घरात.

अशा कथा मुद्दाम खोट्या रचतात असं नाही. घराणं मोठं झालं की मूळ पुरुष लांबून यावा लागतो, एवढंच. आपल्याकडची निम्मी घराणी उत्तरेतून घोड्यावर बसून आलेली आहेत. कुंपण घालून शेती करणारा आल्फविन कोणाला पूर्वज म्हणून नको असतो.

घराण्याचं ढालचिन्हही पाहून घेतलं, कुठे शिळा दिसते का म्हणून. तीन रानडुकरांची तांबडी मुंडकी. ब्रीदवाक्य ‘कॉज कॉजिट’, म्हणजे कारणानेच हे घडवलं. ना यक्ष, ना दगड.

२ फेब्रुवारी

कंटाळवाणं पण गरजेचं काम : कोणता एल्फिन्स्टन?

मुंबईत लोक दोघांचा एक करतात. कॉलेज ज्याच्या नावाने आहे तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. परळचं स्टेशन, जे जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, ते जॉनच्या नावाने. हा घराण्यातला तेरावा लॉर्ड, १८५३ ते १८६० गव्हर्नर. जॉन हा माउंटस्टुअर्टच्या थोरल्या भावाचा मुलगा, म्हणजे काका-पुतणे. पुण्याशी संबंध आलेल्या गोष्टीत काका-पुतणे निघावेत हे बरंच झालं. हॉर्निमन सर्कलचं जुनं नाव एल्फिन्स्टन सर्कल, तेही पुतण्याचंच. म्हणजे टाउन हॉलच्या आत काका आणि पायऱ्यांसमोर पुतण्या.

तिसराही आहे, काकांचा चुलत भाऊ, जनरल विल्यम एल्फिन्स्टन. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना सगळी फौज गमावलेला, आणि त्याच वर्षी कैदेत मेलेला. विचित्र योग असा की काबूलच्या दरबाराशी कंपनीची पहिली बोलणी १८०९ मध्ये पेशावरला जाऊन माउंटस्टुअर्टनेच केली होती आणि त्या राज्यावर जाडजूड ग्रंथही लिहिला होता. भावाने तो वाचला असता तर, असा विचार मनात आला. मजकुरात घेणार नाही.

आणि सर्वांत जुना, मला सर्वांत आवडलेला, बिशप विल्यम एल्फिन्स्टन. १४९५ मध्ये ॲबरडीनचं विद्यापीठ त्याने सुरू केलं. १५०७ मध्ये स्कॉटलंडला पहिल्या छापखान्याचा परवाना मिळाला त्यामागेही तोच, कारण त्याला आपल्या पद्धतीचं प्रार्थनापुस्तक छापून हवं होतं. कॉलेजच्या बाबतीत घराण्याचा हात जुना दिसतो.

५ फेब्रुवारी

गाव आणि घराणं यांचं पुढे काय झालं, हे आज उलगडलं, आणि आख्खी सकाळ त्यात गेली.

१४३५ मध्ये पायपरडीनच्या लढाईत सर अलेक्झांडर एल्फिन्स्टन पडला. मुलगा नाही, एकच मुलगी, ॲग्नेस. अलेक्झांडरचा भाऊ हेन्री. पुढची गोष्ट कोणत्याही तालुका कोर्टाच्या आवारात ऐकायला मिळेल : भावाची पोरगी की भाऊ, जमीन कोणाची? भांडण वर्षानुवर्षं चाललं. शेवटी वाटणी झाली. लोथियनमधलं मूळ गाव ॲग्नेसला, आणि स्टर्लिंगकडची जमीन काका हेन्रीला. ॲग्नेसचं लग्न झालं जॉन्स्टन घराण्यात, त्यामुळे एल्फिन्स्टन गाव जॉन्स्टनांचं झालं. हेन्रीच्या वंशातून पुढे लॉर्ड झाले, आणि आपले मुंबईचे काका-पुतणे त्यांच्यातले.

म्हणजे ज्या शाखेने जगभर एल्फिन्स्टन नाव मिरवलं, तिच्याकडे एल्फिन्स्टन हे गावच नव्हतं! त्यांनी स्टर्लिंगकडच्या जमिनीत दुसरा एल्फिन्स्टन बुरूज बांधून हौस भागवली. माउंटस्टुअर्ट जन्मला १७७९ मध्ये, डंबार्टनला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर पुण्यातच जन्मले.

मूळ गावात पंधराव्या शतकातला एक दगडी बुरूज होता. खाली कोळशाच्या खाणी. खाणींमुळे जमीन खचली, भिंतींना तडे गेले, आणि १९५५ मध्ये बराचसा बुरूज पाडावा लागला. एल्फिन्स्टनमधला खराखुरा दगड होता तो हा.

८ फेब्रुवारी

टाउन हॉलला जाऊन आले. मजकूर जिथे ऐकला जाणार तिथे उभं राहून मोठ्याने वाचायचा, हा माझा नियम. पायऱ्या तीस. दुपारी दोनला ऊन थेट तोंडावर, मागे बसचे ब्रेक, शेजारी वकिलांची लगबग. इथे कोणी ‘षष्ठीचा प्रत्यय’ ऐकून घेणार नाही.

आत शिल्पकार चँट्रीने घडवलेला माउंटस्टुअर्टचा पुतळा. पांढरा संगमरवर, अंगावर ऐसपैस झगा. नावात नसलेला दगड इथे मात्र भरपूर. पुतळ्याचे बूट बघत बसले होते, नजर वर दारावरच्या पाटीकडे गेली. टाउन हॉल.

टाउन!

हा तोच टुन. ज्या कुंपणवाल्या शब्दाचं लोथियनमध्ये ‘टन’ झालं, त्याचंच इंग्रजीत ‘टाउन’ झालं. म्हणजे १८३३ मध्ये बांधून झालेल्या या इमारतीच्या नावात आणि आत उभ्या साहेबाच्या नावात एकच शब्द आहे, आणि मी महिनाभर तो घरी बसून पुस्तकांत शोधत होते. तिथेच पायरीवर बसून वहीत पहिली ओळ लिहिली. शेजारच्या शहाळेवाल्याने विचारलं, "मॅडम, सर्वे का?"

१३ फेब्रुवारी

बाईंशी समोरासमोर. वाद झाला, गोडीत झाला.

"यक्षशिळा काढून तू मला वाडी देणार?"

"आल्फविनची वाडी."

"अगं, पण यक्षशिळा सुंदर होती."

"सुंदर होती, खोटी होती. मुंबई म्हणजे पोर्तुगीजांची ‘बों बाहीया’, चांगली खाडी, हेही सुंदरच आहे की. मुंबादेवीला सोडून ते लिहिणार का आपण?"

बाई गप्प. मग म्हणाल्या, एका नावावर विश्वास कसा ठेवायचा, अशी आणखी उदाहरणं आहेत का? आहेत, आणि आपल्या ओळखीची आहेत. लिव्हिंगस्टोन. स्कॉटलंडच्या पश्चिम लोथियनमधलं लिव्हिंग्स्टन गाव, लेव्हिंग नावाच्या माणसाची वाडी. जिवंत दगड वगैरे काही नाही. आफ्रिकेत फिरलेला डेव्हिड लिव्हिंगस्टोन आधी स्वतःचं नाव शेवटच्या ‘ई’शिवायच लिहायचा, नंतर वडिलांच्या सांगण्यावरून ‘ई’ लावू लागला. याचंही आपल्याकडे येणं झालं होतं : १८६४ मध्ये तो झांझिबारहून आपली छोटी आगबोट घेऊन मुंबईला आला, आणि पुढच्या प्रवासासाठी नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमधले, गुलामीतून सुटलेले आफ्रिकी तरुण बरोबर घेऊन गेला. जॉन्स्टोनही तसंच, जॉनची वाडी. ज्या जॉन्स्टनांकडे ॲग्नेसबरोबर एल्फिन्स्टन गाव गेलं, त्यांच्याही नावात दगड नाही. तिघांत मिळून एक खडासुद्धा नाही.

बाईंनी विचारलं, सगळी स्कॉटिश आडनावं गावावरूनच का? नाही. आपल्यासारखीच सरमिसळ. माउंटस्टुअर्टमधला स्टुअर्ट हे पदावरून आलेलं, राजाच्या वाड्याचा कारभारी, आपले फडणीस-चिटणीस. विल्सन म्हणजे विलचा मुलगा. आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारे साताऱ्याचे ग्रँट डफ? त्यांचं मूळ आडनाव ग्रँट, डफ पुढे वारशाबरोबर जोडलं गेलं. ग्रँट जुन्या फ्रेंचमधून, अर्थ थोराड, मोठा. डफ गेलिकमधून, अर्थ काळा.

"म्हणजे मोठे-काळे?" बाई इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलवरच्यांनी वळून पाहिलं. "हे घे. हे घेच."

घेणार नाही. साताऱ्याचा ऑडिओ गाइड निघेल तेव्हा बघू.

शेवटी वाडीला होकार मिळाला. अट एक : यक्ष ठेवायचा. ठेवला, आल्फविनच्या नावात.

१६ फेब्रुवारी

चौथा खर्डा. १९४ शब्द. ॲग्नेस काढली, जीव तुटला. बिशप काढला. काबूल आधीच नव्हता. १७६.

मग ‘षष्ठी’ काढून ‘चा-ची-चे’ केलं. १७१. बरोबर बसलं.

२० फेब्रुवारी

ध्वनिमुद्रण. आवाजवाल्या बाई अनुभवी, आवाज पितळेच्या घंटेसारखा. पहिल्याच वाक्यात त्यांनी स्वच्छ, सुस्पष्ट, सुशिक्षित उच्चार केला : "एल्फिन्-स्टोन."

ज्या मजकुराचा सगळा मुद्दा स्टोन नाही हा, त्याची सुरुवातच स्टोनने. काचेपलीकडून हात केला. म्हटलं, ताई, स्टन. त्या म्हणाल्या, "अहो, पण तो उच्चार अशुद्ध नाही का वाटणार? स्टेशनवर म्हणतात तसा?" म्हटलं, स्टेशनवर म्हणतात तसाच हवा. मामाची गोष्ट सांगितली. त्यांनी मान डोलावली, पण जीभ ऐकेना. तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या खेपेला स्टोन परत यायचा. शेवटी कागदावर मी प्रत्येक ठिकाणी ‘न्स्टन’ला लाल पेनने चौकोन केले. अकराव्या खेपेला सबंध मजकूर दगडाविना पार पडला. एक मिनिट एकतीस सेकंद.

जो भाग सर्वांत चांगला वठला तो इथे उतरवून ठेवते :

‘तुमच्यासमोरच्या पाटीवर टाउन हॉल लिहिलंय. त्यातला टाउन आणि आत उभ्या असलेल्या एल्फिन्स्टन साहेबांच्या नावातला टन, हा एकच शब्द. जुना अर्थ कुंपण; मग कुंपणातलं घर; मग वाडी. स्कॉटलंडमध्ये एडिनबरोजवळ एका माणसाने कधीकाळी अशी वाडी वसवली. त्याचं नाव बहुधा आल्फविन, म्हणजे यक्षांचा मित्र. आल्फविनची वाडी, एल्फिन्स्टन. तिथून आलेले ते एल्फिन्स्टन, जसे चिपळूणहून आलेले चिपळूणकर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पुढे या नावात दगड शिरला. गिरणगावाने मात्र त्याला एल्फिस्टनच म्हटलं, आणि उच्चारापुरतं गिरणगाव बरोबर होतं.’

गिरणगावाचं वाक्य काढायचं का, असं बाईंनी दोनदा विचारलं. २९ सप्टेंबर २०१७ ला त्याच स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. ते नाव हलक्या सुरात घेतल्यासारखं तर नाही ना वाटणार? प्रश्न रास्त आहे. ताईंना तेवढी ओळ पुन्हा, सावकाश, सूर न चढवता वाचायला लावली. राहू दिली.

२३ फेब्रुवारी

मामाला फोनवर क्लिप ऐकवली. संपल्यावर थोडा वेळ शांत. मग : "बाई चांगली बोलते. पण ते प्रभादेवीचं सांगितलं नाहीस."

"मामा, ते स्टेशनचं. हा थांबा टाउन हॉलचा."

"मग माझी मिल कशाला घातलीस?"

उत्तर नव्हतं. ‘गिरणगाव’ हा शब्द त्याने बरोबर पकडला होता.

२६ फेब्रुवारी

बाराही फाइली चढवल्या. शेवटची तपासणी करताना सातवीचं नाव दिसलं : ‘०७_एल्फिन्स्टोन_अंतिम’. ध्वनिमुद्रण करणाऱ्या पोराने स्पेलिंग बघून टाइप केलेलं. बदललं. मग लक्षात आलं की फेरीच्या नकाशावरही तसंच छापलंय आणि नकाशा कालच छापखान्यातून आला. पाचशे प्रती. बाई म्हणाल्या, राहू दे आता.

उद्यापासून दुसरा टप्पा, महाबळेश्वर. पहिलं नाव मॅल्कम, मॅल्कम पेठेतला. गेलिक ‘मेल कोलुम’, संत कोलुंबाचा मुंडन केलेला सेवक. यावेळी जुनं रूप आधी बघितलंय.